आत्याला रेंज बाधते

धनाजीच्या मुलीच्या बारशाला सोनाली येणार, असं तिच्या आईने, फुलाबाईंनी, जाहीर केलं तेव्हा शेळगीच्या त्या घरात कुणी हातातलं काम थांबवलं नाही. सोनाली येणार असं गेल्या पाच वर्षांत अकरा वेळा जाहीर झालं होतं, आणि अकराही वेळा ती आली नव्हती. धाकट्या भावाच्या, धनाजीच्या, दुकानाचं उद्घाटन, वडिलांचं वर्षश्राद्ध, भावजयीचं डोहाळजेवण, सगळं तिच्यावाचून पार पडलं. दर वेळी करकंबहून कारण तेवढं यायचं. एसटी चुकली. नवऱ्याला ताप आला. म्हैस व्यायला झाली. थोरल्या बहिणीने, सुकन्याने, एकदा बोटांवर हिशेब लावला होता की सोनालीची म्हैस एका वर्षात तीनदा व्याली आहे, आणि तिचा फोटो पेपरात यायला हवा.

म्हणून बाळाच्या बाराव्या दिवशी सकाळी साडेनऊला सोनाली खरोखरच रिक्षातून उतरली, तेव्हा दारातली पोरं आधी पळाली ती मोबाईल आणायला. "आत्या आली! आत्या, हितं बघ की!" पाच-सहा मोबाईल तिच्या तोंडासमोर नाचायला लागले. ओसरीवर तिचे चुलते बिरुदेव तात्या व्हिडिओ कॉल लावून बसले होते. सांगोल्याकडच्या माळावर चुलतभावाने तिकडून फोन धरला होता आणि तात्या आपल्या मेंढ्या बघत होते. दिवसातून तीनदा बघत. "ती लंगडती बघ रं डाव्या अंगाची," ते फोनमध्ये ओरडत होते.

सोनालीच्या एका हातात झबलं-कुंचीची पिशवी होती आणि डोक्यात चार वाक्यं होती. ही वाक्यं तिच्या नवऱ्याने, भीमाशंकरने, बसवून दिली होती. भीमाशंकर करकंबला विहिरींच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचा, त्यामुळे गुंता कसा सोडवायचा हे त्याला कळत होतं. तो म्हणाला होता, "लेक्चर द्यायचं न्हाय. कुठल्या शास्त्रज्ञाचं नाव काढायचं न्हाय. तुला काय होतंय ते सांग, आन् त्यांनी काय करायचं ते सांग. चार वाक्यं बास." आठवडाभर तिने ती म्हशीसमोर म्हणून बघितली होती. म्हशीने चारही शांतपणे ऐकून घेतली, त्यामुळे सोनालीचा धीर वाढला होता.

पहिलं, फोन आणि वायफाय जवळ असले की मला त्रास होतो. दुसरं, डोकं भणभणतं, कान वाजतात, बोटांना मुंग्या येतात, झोप लागत नाही. तिसरं, म्हणून मी येत नव्हते, माझा कुणावर राग नाही. चौथं, आज नाव ठेवायच्या वेळी दोन तास फोन बंद ठेवाल का?

सोपं होतं. आणि आज ते बोलायलाच हवं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. धनाजीला नऊ वर्षांनी मूल झालं होतं. त्याच्या पोरीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आज ती मध्येच पळून गेली असती, तर या घरात तिला पुन्हा कुणी बोलावलं नसतं. बोलावलं असतं तरी तिची वाट बघितली नसती. म्हणून ती चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात गेली. तिथे फुलाबाई घुगऱ्यांचं पातेलं उतरवत होत्या, सुकन्या कोथिंबीर चिरत होती, आणि बाजूला चार्जिंगला लावलेले सात मोबाईल ओळीने पडले होते.

"आलीस व्हय!" फुलाबाईंचा आवाज चिरकला. "बस, चहा घे."

"आई, फोन बंद करा!" सोनाली म्हणाली.

चौथं वाक्य पहिल्यांदा निघालं. मग घाईने दुसरं निघालं, त्यात तिसरं अडकलं, आणि सगळ्यांच्या कानावर पडलं ते असं, की डोकं भणभणतं म्हणून माझा कुणावर राग नाही. पहिलं वाक्य राहूनच गेलं. ते तिने शेवटी जोडलं तोवर सुकन्याची विळी थांबली होती.

"थांब," सुकन्या म्हणाली. "मला नीट कळू दे. तुला रेंज बाधती?"

"व्हय."

"बाई गं. वांगं बाधल्यालं ऐकलंय, आंबा बाधल्याला ऐकलाय. रेंज बाधती हे आजच ऐकलं. आन् घरात दाजी दिवसभर मोटारी भरत्यात, ते बाधत न्हाय व्हय?"

"त्याला वायर असती, आक्का. हे बिनवायरीचं."

सुकन्याने आईकडे बघितलं. फुलाबाईंनी पातेल्याकडे बघितलं. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग इतकी वर्सं म्हशीचं काय सांगत व्हतीस?"

"म्हशीवर तुमी इस्वास ठेवता. याच्यावर ठेवला नसता."

 सोनालीचे कान तापले होते. सोलापुरातल्या ऑफिसात ती सहा वर्षं डोक्यावरच्या राउटरखाली बसून आकडे भरत होती, तिथेच हे सुरू झालं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल आल्या, आणि मनाला जास्त लावून घेऊ नका म्हणून त्यांनी पाठीवर थाप मारली. त्यानंतर तिने हे कुणाला सांगितलंच नाही. नोकरी सोडली, करकंबच्या कडेला घर घेतलं आणि म्हैस पाळली. आता सांगितलं, तर तिला एकदम हलकं वाटलं आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हावंसंही वाटलं.

तेवढ्यात धनाजी आत आला. नव्या शर्टाच्या खिशातून वायर कापायची पकड डोकावत होती. बारशाच्या सकाळीही तो एक कनेक्शन जोडून आला होता. बहिणीला बघून त्याचं तोंड फुललं आणि सुकन्याने सगळं सांगितल्यावर तेवढ्याच वेगाने मिटलं.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या दुकानावर बोर्ड काय हाय?"

"धनाजी वायफाय."

"धनाजी वायफाय. आज निम्मी शेळगी जेवायला येणार हाय. समदी माझी गिऱ्हाईकं. आन् तू त्यांना सांगणार, वायफाय बाधतंय?"

"मी कुणाला काय सांगणार न्हाय. तुला सांगतीय."

"मग झालं. हे या स्वयंपाकघराच्या भाईर जाता कामा न्हाय."

ते त्याच क्षणी बाहेर गेलं. दारात बिरुदेव तात्या उभे होते.

"खरं हाय तिचं!" तात्या गरजले. "लई खरं हाय! आमच्या माळाला टॉवर झाल्यापास्नं मेंढरांची लोकर बघा. कुरळी व्हती, सरळ झालीया. मी सांगून सांगून दमलो. कुणी ऐकतंय का? ही पोरगी शिकल्याली, हिला कळलं!"

सोनालीने डोळे मिटून घेतले. पाच वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती, आणि ते बोलायला नेमके तात्याच मिळाले. तात्यांच्या हातातल्या फोनमधून मेंढ्या बें बें करत होत्या.

"तात्या, मी लोकरीचं काय म्हणलं न्हाय—"

"तू बोलू नगं. तुला तरास हाय. मी बोलतो." आणि तात्या मांडवात बोलायला गेले.

पुढच्या अर्ध्या तासात काय काय झालं ते सोनालीला तुकड्यातुकड्यांनी कळलं. ओसरीवर गोष्ट निघाली ती सोनालीला रेंज बाधते अशी. मांडवात पोचेपर्यंत सोनालीला करंट लागतो अशी झाली. आणि आचाऱ्याच्या चुलाणापाशी ती पोचली तेव्हा सोनालीला हात लावला तर आपल्याला करंट लागतो, असं पक्कं झालं होतं. ती हात धुवायला मोरीवर गेली तर बायका बाजूला सरल्या. दोन पोरांनी पैज लावली, आणि एक बारकी पोरगी लाकडी उलथनं घेऊन मागून आली आणि तिच्या कोपराला टोचून किंचाळत पळाली. लाकडातून करंट जात नाही, एवढं शास्त्र शाळेत झालेलं दिसत होतं.

सोनालीला रडू यायला हवं होतं. पण त्या पोरीचं तोंड बघून तिला हसूच फुटलं, आणि मोरीशेजारच्या आरशासमोर केस विंचरणारी सुकन्याही खुदकन हसली. दोघींची नजर आरशात भेटली. मग सुकन्या वळली आणि केसात पिन खोचत म्हणाली, "सोपं हाय बघ. मी ठेवते नाव. मी बी आत्याच हाय की. तू भाईर लिंबाखाली बस, गार वाटंल. लोकांना फोन बंद करा म्हणायला आपण कोण? निम्मे तर फोटो काढायलाच आल्यात."

ती हे वाईट मनाने म्हणत नव्हती, हीच पंचाईत होती. बापाच्या आजारपणापासून आईच्या गुडघ्यापर्यंत या घरात सगळं सुकन्यानेच निभावलं होतं, आणि आलेल्या अडचणीवर पहिला तोडगा तिचाच असायचा. फुलाबाईंनाही तो पटायला लागलेला दिसला. "गाव आलंय दारात," त्या पुटपुटल्या. "तमाशा नगं." धनाजी तर मान हलवून मोकळा झाला. सोनालीने पिशवीतलं झबलं बाहेर काढलं, उगाच त्याची घडी घातली आणि परत पिशवीत ठेवलं. एवढ्या लांब येऊन शेवटी लिंबाखालीच बसायचं होतं तर.

"सोनालीवन्संच नाव ठेवणार."

आतल्या खोलीच्या दारात धनाजीची बायको आरोही उभी होती, डोक्याला रुमाल बांधलेली, खांद्यावर बाळ. अक्कलकोटकडची ही मुलगी नऊ वर्षांत या घरात मोठ्याने बोललेली कुणाला आठवत नव्हती. आज ती बाळंतीण होती, आणि बारशाच्या दिवशी बाळंतिणीचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

"आगं, पर फोन—" धनाजी म्हणाला.

"फोन पेटीत ठेवा."

"समद्यांचे?"

"समद्यांचे. नऊ वर्सं झाली मला येऊन. ह्या घरात आलेल्या परतेक बाईनं मला इचारलं, काय गं, अजून काय नाही का. फोन करून इचारलं, मेसेज करून इचारलं. एकट्या सोनालीवन्संनी कधी इचारलं नाही. त्या कधी आल्या नाहीत हे खरं. पण कधी इचारलं बी नाही. माझ्या पोरीचं नाव त्याच ठेवतील."

सुकन्याने कंगवा खाली ठेवला. तिनेही विचारलं होतं, दर दिवाळीला. पिन खोचलेले केस तिने सोडले आणि ते पुन्हा बांधायला घेतले.

मग घराने एकदम रंग बदलला. या माणसांचं असंच होतं. एकदा ठरलं की मग प्रत्येकाला ते आपणच सुचवलं असं वाटायला लागे. शेजारच्या सायराबानूंनी आपल्या गोधड्यांची पत्र्याची पेटी रिकामी करून पाठवली. "हौ मां, मेरी पेटी लेव," त्या कुंपणावरून म्हणाल्या, "फिर हमारे बच्चों को भी ऐसाच करती मैं." धनाजीने घरातला राउटर स्वतःच्या हाताने बंद केला आणि दोन मिनिटं त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला. बिरुदेव तात्यांनी घमेलं घेतलं आणि मांडवात फिरून फोन गोळा करायला सुरुवात केली. एकेकाच्या हातातून फोन सोडवून घेणं म्हणजे रांगत्या पोराच्या तोंडातला खडा काढण्यासारखंच होतं. कुणी म्हणालं साहेबांचा फोन येणार आहे, कुणी म्हणालं माझा तसाही चालत नाही, तेव्हा त्याचा आधी घेतला. घमेलं दोनदा भरलं. एकेचाळीस फोन झाले. शेवटचा स्वतः तात्यांचा. मेंढ्यांना "दोन तासांनी बघतो गं" असं सांगून त्यांनी तो वरती ठेवला.

फोन स्विच ऑफ करायचे असतात, हे मात्र तात्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तात्यांना त्याची गरज वाटली नसती. पेटी पत्र्याची होती, आणि पेटीवर घालायला त्यांच्याकडे घोंगडं होतं. आपल्या हाताने कातरलेल्या मेंढ्यांचं, काळंभोर. "लोकरीतनं पाऊस आत जात न्हाय," ते स्वतःशीच म्हणाले, "रेंज काय जाणार भाईर." पेटी त्यांनी माजघरात पाळण्याशेजारच्या कोपऱ्यात सरकवली, घोंगड्याची नीट चौघडी करून वर टाकली, देवाचं नाव घेऊन त्यावर चिमूटभर भंडाऱ्याची हळद उधळली, आणि निर्धास्त मनाने ते आचाऱ्याला सूचना द्यायला गेले.

आता या घरात, आणि या घराच्या सगळ्या भावकीत, चौघडी घातलेलं घोंगडं आणि त्यावर भंडारा याचा अर्थ एकच होता. ती मानाची जागा. लग्नात नवरदेव तिथे बसतो, जत्रेत पुजारी बसतो, आणि बारशाला आत्या बसते. फुलाबाई बाळाला घेऊन माजघरात आल्या, पाळण्याशेजारी ते घोंगडं बघितलं, आणि दिराच्या समंजसपणाने त्यांना भरून आलं. "बघ, तात्यांनी तुझी जागा केलीया," त्या सोनालीला म्हणाल्या. "उंचावर केली, गुडघे दुखू नयेत म्हणून. बस."

सोनाली बसली.

तो एक तास तिला पुढे कधी विसरता आला नाही. माजघर बायकांनी गच्च भरलं होतं आणि एकीच्याही हातात मोबाईल नव्हता. पहिली पाच मिनिटं सगळ्या हात कुठे ठेवायचे या विवंचनेत होत्या. मग कुणीतरी शेजारणीच्या बांगड्या बघितल्या, कुणी कुणाची चौकशी काढली, आणि बघता बघता असा गलका झाला की पाळण्यातलं बाळही डोळे मोठे करून ऐकायला लागलं. सोनालीचं डोकं स्वच्छ होतं. कान वाजत नव्हते. बोटांना मुंग्या नव्हत्या. तिने उखाणा घेतला, त्यात म्हैस घातली. सगळ्या पोट धरून हसल्या. तिने बापाची नक्कल केली, बाजारात बोकडाचे दात बघतानाची, आणि फुलाबाईंच्या डोळ्यात हसता हसता पाणी आलं. "माझी सोनी परत आली," त्या आरोहीच्या आईला सांगत सुटल्या. मघाशी उलथन्याने टोचणारी पोरगी तिच्या मांडीला टेकून बसली. सुकन्या समोर बसून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा आडमुठेपणा हळूहळू उतरत होता.

आणि इथे सोनालीने भीमाशंकरचं ऐकायला हवं होतं. पण आनंद माणसाला बोलका करतो.

"बघितलंत?" ती मांडी ठोकत म्हणाली. "बघितलंत का समद्यांनी? आज खोलीत एक बी फोन न्हाय. आन् माझ्याकडं बघा! पाच वर्सांत असं बसले न्हाय मी माणसांत. माझं शरीर म्हणजे मीटर हाय मीटर. पन्नास फुटांवर फोन असला तरी मला बरोबर कळतंय. आक्का, आता तरी पटलं का?"

सुकन्याने खाली बघितलं, मग वर बघितलं. "पटलं बाई," ती म्हणाली. या घरात ती हे शब्द दहा वर्षांत पहिल्यांदा बोलत होती. "चुकलं माझं. खरं हाय तुझं."

 सोनालीने बहिणीच्या हाताकडे हात पुढे केला, आणि त्याच वेळी तिच्या बुडाखाली काहीतरी गुरगुरलं.

ती दचकून सरळ बसली. पुन्हा गुरगुरलं. मग पेटीत कोंबडा आरवला. त्यामागोमाग आरती सुरू झाली. आरती संपायच्या आत हलगी कडाडली, एक बाळ खिदळलं, एक बाई इंग्रजीत नमस्कार म्हणाली, आणि सगळा पत्रा थडथड उडायला लागला. पेटीवर बसलेली आत्या त्याबरोबर बारीक बारीक हलत होती. आरोहीचे मामा अक्कलकोटहून जीप घेऊन निघाले होते, शेळगीत रस्ता चुकले होते, आणि घरातलं कुणीच फोन उचलेना म्हणून हाताशी असलेले सगळे नंबर एकामागून एक लावत होते. जीपमधल्या बाकीच्यांनीही तेच चालवलं होतं.

सोनाली उठली. फुलाबाईंनी घोंगडं उचललं. सुकन्याने झाकण उघडलं. एकेचाळीस फोन दिवाळीसारखे लखलखत होते.

 मग आरोहीची आई हसली, आणि मग धरण फुटावं तसं माजघर हसलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. आवाज ऐकून धनाजी धावत आला, मागून बिरुदेव तात्या.

"तासभर!" सुकन्या ओरडली. तिचं तोंड लाल झालं होतं. चूक कबूल केल्याला दोन मिनिटंही झाली नव्हती. "एकेचाळीस फोनांवर तासभर बसली! मीटर म्हणं!"

"ताई!" धनाजीला आनंद लपवता येईना. "ताई, मग बाधत न्हाय की! काय बी बाधत न्हाय!"

"गप रं," तात्या पुढे सरसावले. "पेटी पत्र्याची हाय. वर लोकर हाय. किरणं भाईर आलीच न्हाईत, मग तिला कळंल कसं?"

"मग रिंग कशी आली, तात्या?"

तात्यांनी थोडा विचार केला. "रिंग भाईर आली," ते म्हणाले, "किरणं आत ऱ्हायली."

पुन्हा हसण्याचा लोंढा आला. पण आता तो दोन बाजूंनी यायला लागला. काहींना तात्यांचं पटत होतं. पत्र्याचं काही सांगता येत नाही, असं म्हणणाऱ्या दोघी-तिघी निघाल्या. आणि बघता बघता सगळ्यांची तोंडं सोनालीकडे वळली. तात्या तिला डोळ्याने खुणावत होते. नुसतं "व्हय, पत्र्यामुळं" म्हणायचं होतं. निम्मं घर तिच्या बाजूला आलं असतं, आत्याचा मान राहिला असता, आणि जेवणं सुरू झाली असती.

सोनालीने पेटीत बघितलं. कुठूनतरी बोटांना मुंग्या येतील म्हणून ती वाट बघत होती; येत नव्हत्या. तिला स्वतःचंच भयंकर हसू येत होतं, आणि त्या हसण्याखाली भीती होती. नोकरी, गाव, पाच वर्षांचे सणवार, सगळं तिने एका गोष्टीच्या भरवशावर सोडलं होतं.

"न्हाय तात्या," ती म्हणाली. "पत्र्याचं मला काय म्हाईत न्हाय. मला काय कळलंच न्हाय. मी बसले व्हते आन् मला बरं वाटत व्हतं. मीटर वगैरे मी उगंच बोलले." ती हसायला गेली, आवाज फाटला. "मी समजत व्हते तसं नसंल बी. काय हाय ते मला म्हाईत न्हाय. पर डोकं दुखतं ते खोटं न्हाय. ते मी पेपरात वाचून दुखवत न्हाय. आक्का, तुला वाटत असंल तर नाव तू ठेव."

सुकन्या काही बोलायच्या आत आरोहीने बाळ उचललं आणि सोनालीच्या हातात दिलं. "फोन वाजू द्या," ती म्हणाली. "मामा येतील इचारत. वन्सं, मुहूर्त चाललाय."

पाळण्याखालून वरून, या हातातून त्या हातात बाळ फिरलं. बायकांनी पाळणा म्हटला, हलगी आणि कोंबड्याच्या साथीवर. सोनाली वाकली, बाळाच्या इवल्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं आणि सांगितलं, "ओवी." आणि रीतच आहे तशी, नाव सांगितल्याबरोबर पंधरा-वीस बायकांच्या मुठी तिच्या पाठीत दणादण बसल्या. कुणालाही करंट लागला नाही. सगळ्यात जोराचा गुद्दा सुकन्याचा होता, आणि त्यात राग किती आणि माया किती हे सोनालीला ओळखता आलं नाही.

मग फोन ज्याचे त्याला मिळाले आणि घर पुन्हा वाजायला लागलं. मामा आले. पंगत बसली. धनाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला आग्रहाने वाढताना पेटीचा किस्सा सांगत होता, आणि दर पंगतीला फोनांची संख्या वाढत होती.

दुपार कलता कलता सोनालीचं डोकं भणभणायला लागलं. आधी कपाळ, मग कानामागची शीर. ती पान अर्धं टाकून उठली, कुणाच्या नकळत माजघरात आली आणि भिंतीला टेकून बसली. आज तरी हे व्हायला नको होतं. आज कुणाला सांगायची सोयच उरली नव्हती. माजघराच्या दुसऱ्या टोकाला धनाजीसह दहा-बारा जणं फोनमध्ये फोटो बघत खिदळत होती. तिने पदर डोळ्यांवर ओढला.

"दुखतंय?"

सुकन्या समोर उभी होती, हातात भाताची परात.

न्हाय, जरा जास्त झालं जेवण, असं म्हणायला सोनालीने तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय होती. पण आज सकाळपासून ती खरं बोलत आली होती, आणि आता मागे फिरायचं तर तेवढी ताकद नव्हती.

"व्हय," ती म्हणाली. "लई. कशामुळं ते इचारू नगंस आक्का. मला म्हाईत न्हाय."

सुकन्याने परात खाली ठेवली. ती वळली आणि फोटो बघणाऱ्यांना म्हणाली, "उठा. समदे मांडवात चला. फोन घेऊन."

"का गं आक्का?" धनाजी म्हणाला.

"सोनीचं डोकं दुखतंय."

"आगं पर मगाशी तर—" त्याने पेटीकडे हात केला. "ते खोटं ठरलं की."

"पेटीचं खोटं ठरलं," सुकन्या म्हणाली. "डोकं दुखतंय म्हणती, म्हणजे दुखतंय. ऊठ."

तिने एकेकाला बाहेर काढलं, दार लोटलं, खिडकीचा पडदा ओढला. मग भिंतीशी बसून तिने सोनालीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि कपाळ दाबायला लागली. तिच्या बोटांना कोथिंबिरीचा वास होता आणि दाबणं इतकं जोराचं की डोळ्यांतून पाणी यावं.

"सोमवारी डॉक्टरकडं जायचं," ती म्हणाली. "दुसऱ्या. मी येणार. पाठीवर थापा मारायला लागला तर मी बघती त्याच्याकडं."

सोनालीने मान हलवली. बाहेर धनाजी कुणाला तरी सांगत होता, एकशे एक फोन होते म्हणून. तिला हसू आलं, डोकं ठणकत होतं तरी आलं, आणि तिला जाणवलं की वरती सुकन्याचंही पोट हसण्याने हलत होतं.